वाढतील ते खावे



प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना पुढे पाठवले तेव्हा त्यांना ज्या सूचना दिल्या (लूक १०:१-९), त्या आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत, हे आपल्या चांगले लक्षात राहते. ते कठीण आहे, आणि ते फादर-सिस्टरांसाठी सांगितले आहे असे आपण सोयीने धरून चालतो. पण त्याच सूचनांमध्ये दोन अगदी घरगुती गोष्टी आहेत. ज्या घरी उतराल त्याच घरी राहा, घरे बदलत फिरू नका. आणि तिथे पुढ्यात जे वाढतील ते खा. खाण्याचे तर प्रभूने एकदा नव्हे, दोनदा सांगितले आहे.

क्रमही बघावा. आधी त्या घराला शांती म्हणायची. मग पानावर बसायचे. त्यानंतर आजाऱ्यांना बरे करायचे. आणि देवाचे राज्य जवळ आले आहे हे सांगायचे ते सर्वांत शेवटी. आपण मिशनकार्य म्हटले की शेवटून सुरुवात करतो, किंवा फार तर औषधापासून. दुसऱ्याच्या घरी पानावर बसणे हे आपल्याला कामच वाटत नाही. मिशन रविवारच्या निमित्ताने फादरांनी आम्हां दोघांना लिहायला सांगितले, तेव्हा आम्ही ठरवले की त्या पानाविषयीच लिहायचे. बाकीचे लिहिणारे पुष्कळ आहेत.

आम्ही दोघे ह्याच धर्मग्रामातले. एक शाळामास्तर, एक नर्स. दोघांनाही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मुले आपापल्या मार्गाला लागली. गेली सहा वर्षे आम्ही जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर राहतो. मिशन केंद्र तिथून पायी पाऊण तासावर आहे. आमच्या पायांना एक तास लागतो. महिन्यातून एकदा घरी येतो, बँकेची कामे करतो, महिन्याच्या गोळ्या घेतो, वाडीत एक फेरी मारतो आणि परत जातो. लोक आम्हाला मिशनरी म्हणतात, पण तो शब्द आम्हाला मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखा ढगळ होतो. पाड्यावर आमची नावे ‘मास्तर’ आणि ‘नर्सबाई’ अशी आहेत. ह्या लेखातही तीच वापरू, म्हणजे कोण कोणाविषयी बोलतो आहे हे तुम्हाला कळेल.

पाड्यावर गेल्यावर पहिल्या महिन्यात आम्हाला तीन प्रश्न विचारले गेले. पहिला प्रश्न चहाच्या टपरीवर आला: धर्म बदलायला आलात का? आम्ही म्हणालो, नाही. आमचा धर्म आम्हाला नीट पाळता आला तरी खूप आहे. विचारणारा हसला, पण त्याचा संशय लगेच गेला असे नाही, आणि जावा तरी का? परका माणूस कशासाठी आला आहे हे विचारण्याचा गावाला हक्क आहे. दुसरा प्रश्न, पगार किती मिळतो? पगार नाही, पेन्शन आहे, असे सांगितल्यावर बहुतेकांचे समाधान झाले. पेन्शन ही गोष्ट सगळ्यांना कळते. तिसरा प्रश्न मात्र आम्हाला अपेक्षित नव्हता. पोरांनी घरातून काढले का? म्हातारपणी भरले घर सोडून कुडाच्या खोलीत राहायला कोण येईल, असा त्यांचा साधा हिशेब. आमच्या मुलांचा काहीही दोष नसताना पाड्यावरच्या दोन आजींनी कितीतरी दिवस त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. आणि त्याच आजींनी, ह्या बिचाऱ्यांना कोणी नाही म्हणून, आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावले.

नागलीची भाकरी, सुकटीची चटणी आणि उडदाची पातळ आमटी. डॉक्टरांनी दिलेली पथ्याची यादी आमच्या पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली. आम्ही पोटभर जेवलो. गंमत अशी की, आम्ही त्या वेळी सोबत साखर, चहापूड, मुलांना वह्या असे काहीबाही नेले होते. आजींनी ते बाजूला ठेवले आणि आधी जेवा म्हणाल्या. बंधू-भगिनींनो, देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. हात वर ठेवून कोणाशी मैत्री होत नाही. प्रभूने शिष्यांची थैली आधी काढून घेतली आणि मग त्यांना लोकांच्या पानावर बसवले, त्यामागे हेच असावे असे आम्हाला तेव्हापासून वाटते. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला घेणे भाग पडते. म्हाताऱ्या माणसांचेही तसेच आहे. उंबरा चढताना आम्हाला कोणाचा तरी हात लागतो, पावसाळ्यात पायवाटेवर कोणी तरी पुढे चालावे लागते. तरुण कार्यकर्ते येतात ते धावत येतात आणि धावत जातात. आम्हाला धावताच येत नाही, म्हणून आम्हाला हात देण्याची संधी गावाला मिळते.

(लग्नात मोहाची दारू पुढे येते तेव्हा आम्ही हात जोडतो. शुभवर्तमानात त्याच ओळीत ‘पिण्या’चाही उल्लेख आहे, हे आम्ही पाड्यावर अजून कोणाला सांगितलेले नाही.)

आता आमचा दिवस कसा जातो ते सांगतो, कारण भेटेल तो हेच विचारतो. पहाटे उठून दोघे मिळून प्रार्थना करतो. मग मास्तर पाण्याला जातात. विहीर दहा मिनिटांवर आहे. डोंगरातल्या पाड्यांवर पावसाळ्यात पाण्याचा पूर आणि चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी रांग, हे दरवर्षीचेच आहे. पाणी भरणे बाईचे काम, त्यामुळे धोतरा-पायजम्यातला म्हातारा कळशी घेऊन आला म्हणून पहिले काही दिवस विहिरीवर हसण्याची लाट यायची. नर्सबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून मी येतो, एवढेच मास्तर सांगत. भाषण काही दिले नाही. दुसऱ्या वर्षी एक दिवस विहिरीवर एक तरुण आला, बायकोला आठवा महिना लागलेला, हंडा त्याच्या स्वतःच्या खांद्यावर. तो कोणाशी बोलला नाही, मान खाली घालून पाणी भरले आणि गेला. आता असे तिघे-चौघे येतात. बाकीचे अजून हसतात.

सकाळी नर्सबाई ओटीवर बसतात. त्या इंजेक्शन देत नाहीत, तो त्यांचा अधिकार नाही आणि मोहही नाही. जखमा धुणे, खरूज, पोरांची नखे काढणे, जुलाब झाले तर साखर-मिठाचे पाणी कसे करायचे ते आईकडूनच करवून घेणे, आणि ताप उतरत नसेल तर आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणे. त्यांचे निम्मे काम सोबत जाण्याचे आहे. दवाखान्यात एकट्या बाईला कोणी नीट उत्तर देत नाही. पांढऱ्या केसांची दुसरी बाई शेजारी उभी असली की देतात.

मास्तरांचे काम कागदांचे. जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचे नाव, आधारवरची जन्मतारीख, बँकेचे खाते बंद का पडले, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दिलेल्या दाव्याचे पुढे काय झाले. चाळीस वर्षे निबंध तपासलेल्या माणसाला आता अर्ज लिहिण्यात आनंद वाटतो. संध्याकाळी पोरे पाढे म्हणायला येतात. दोन बाया अक्षरे गिरवायला येतात, त्यांतली एक सही शिकली. अंगठा द्यायचा नाही म्हणून ती बँकेत रांग सोडून परत आली होती आणि पेन घेऊन पुन्हा गेली, हे तिने आम्हाला इतक्या वेळा सांगितले आहे की आता आमच्या मुलांनाही फोनवरून पाठ झाले आहे.

संध्याकाळी गुलाबमाळ. पहिल्या आजींनी एकदा विचारले, हे मणी कसले ओढता? आम्ही सांगितले, येशूच्या आईची आठवण करतो. त्या म्हणाल्या, आम्हीही कणसरीचे नाव घेतो, तिने धान्य दिले. तेव्हापासून त्या रोज येऊन बसतात. कोणी त्यांना बोलावले नाही, कोणी त्यांना काही शिकवले नाही. तिसऱ्या दशकाला त्यांना डुलकी लागते. आमच्यातल्या एकालाही लागते, नाव सांगत नाही.

प्रभूने शिष्यांना दोघे दोघे करून का पाठवले, ह्याचे पोप संत ग्रेगरी ह्यांनी फार सुंदर कारण दिले आहे. प्रेम करायला निदान दोन माणसे लागतात, एकट्याने प्रेम होत नाही, म्हणून. विवाहित माणसांना हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. पहिल्या ख्रिस्तमंडळात असे एक जोडपे होते, आक्विला आणि प्रिस्किल्ला. सम्राट क्लौद्यसने यहुद्यांना रोममधून घालवले तेव्हा ती दोघे करिंथला आली (प्रेषितांची कृत्ये १८). धंदा तंबू शिवण्याचा. संत पॉलचाही तोच धंदा, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्यासोबत काम करू लागला. पुढे ती दोघे इफिसला गेली आणि नंतर पुन्हा रोमला. जातील तिथे त्यांचे घर हेच मंदिर होई. अपोल्लोस नावाचा मोठा विद्वान वक्ता सभास्थानात बोलत होता, पण त्याच्या ज्ञानात काही उणे होते. ह्या दोघांनी त्याला सर्वांसमोर अडवले नाही. घरी नेले आणि तिथे समजावले. आमची खात्री आहे की आधी जेवायला वाढले असणार, पण तसे लिहिलेले नाही.

नव्या करारात ह्या जोडप्याचा सहा वेळा उल्लेख येतो, त्यांपैकी चार वेळा प्रिस्किल्लाचे नाव नवऱ्याच्या आधी आहे. त्या काळी हे विशेषच म्हटले पाहिजे. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी ७ फेब्रुवारी २००७ रोजी बुधवारच्या भेटीत ह्याच दोघांवर बोलताना संत पॉलच्या कामाला अशा कुटुंबांचा केवढा आधार होता हे सांगितले होते. संत पॉलचे प्रवास आपण नकाशावर बोट फिरवून शिकतो. तो ज्या घरात झोपला, त्या घरातला चुलीचा धूर नकाशावर दिसत नाही.

आम्ही प्रिस्किल्ला-आक्विला नव्हे, हे आमच्या शेजाऱ्यांना उत्तम ठाऊक आहे. कुडाच्या भिंतीतून सगळे ऐकू जाते. मीठ जास्त झाले, चष्मा कुठे ठेवला, मुलाच्या फोनवर तू काय बोललास, ह्यावरून आमची भांडणे होतात आणि ती अख्ख्या पाड्याला कळतात. एकदा भांडणानंतर मास्तर ओट्यावर बसून भांडी घासत होते. समोरच्या घरातला माणूस बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही भांडता, पण मारत नाही. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. आम्ही काय उत्तर देणार? आम्ही गप्प बसलो. त्या रात्री त्याची बायको नर्सबाईंकडे आली आणि पहिल्यांदाच पाठीवरचे वळ दाखवून गेली.

दिवाळी झाली की पाडा रिकामा होतो. भात कापून, झोडून झालेले असते, घरातला तांदूळ जेमतेम काही महिने पुरणार असतो आणि मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मग बिऱ्हाड पाठीवर, पोरे कडेवर, कोंबड्या टोपलीत, अशी माणसे ट्रकने वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, आणि आपल्या वसईकडेही. पावसाच्या तोंडावर परत येतात. शाळेतली पोरे मध्येच गळतात ती ह्यामुळे. पाड्यावर उरतात ती फक्त म्हातारी माणसे आणि आम्ही, म्हणजे सगळे एकाच वयाचे. आमचे सहा वर्षांतले सर्वांत चांगले दिवस ह्याच हिवाळ्यांतले आहेत. शेकोटीभोवती बसायचे, कोणाच्या डोळ्यांत थेंब घालायचे, कोणाच्या पोराला भट्टीवर फोन लावून द्यायचा, कोणाचा ताप मोजायचा. रात्री एखादा म्हातारा तारपा वाजवतो, नाचायला मात्र कोणी नसते.

आणि बंधू-भगिनींनो, एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. आपल्या गावात गेल्या तीस वर्षांत किती बंगले उभे राहिले? त्यांच्या विटा कोणी थापल्या? मिशन आपल्यापासून शंभर किलोमीटर दूर आहे असे आपण समजतो, पण ज्या आजीजवळ आम्ही हिवाळाभर बसतो, तिच्या मुलाने थापलेली वीट कदाचित आपल्या देवघराच्या भिंतीत असेल. भट्टीवरची माणसे आपल्या रस्त्याने बाजाराला जातात. त्यांच्या मुलांना ताप येतो तो आपल्याच डॉक्टरच्या दारासमोर. हे कोणाला लाजवण्यासाठी लिहिलेले नाही, आमचेही घर विटांचेच आहे.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, ह्यावर आमचे दोघांचे बोलणे झाले. तीन वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत एका घरातले अकरा महिन्यांचे मूल आजारी पडले. जुलाब, उलट्या, ताप. आदल्या रात्रीपासून कोसळत होते आणि नदीवरची फरशी पाण्याखाली गेली होती. रुग्णवाहिका आली, पण पलीकडच्या काठाला उभी राहिली. पुरुषांनी दोर बांधून पाहिले, दोघे वाहता वाहता वाचले. नर्सबाई चमच्याने पाणी पाजत राहिल्या, मूल गिळेनासे झाले तोपर्यंत. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती बाळंतपणे केली असतील, किती पोरे वाचवली असतील. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत ते मूल त्यांच्याच मांडीवर गेले. पाऊस थांबला नव्हता. मुलाला पुरले तेव्हा खड्ड्यात पाणी भरत होते.

आम्ही काहीही बोललो नाही. त्या आईच्या शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. देवाची इच्छा, असे म्हणणारे पुष्कळ असतात. आम्ही ते म्हणालो नाही, कारण ती देवाची इच्छा होती असे आम्हाला वाटत नाही. लाजरसच्या थडग्यापाशी प्रभू येशूलाही प्रथम रडू आले होते, शब्द नंतर आले. आमच्याकडे तर नंतरचेही शब्द नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची आजी आमच्या दारात आली. पदराखाली तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि वाटीत आमटी. दोन दिवस तुमच्या घरातून धूर निघाला नाही, म्हणाली. आमच्या लक्षातच आले नव्हते की आम्ही चूल पेटवलेली नाही. ती उंबऱ्यावर बसून राहिली, आम्ही खाईपर्यंत. ज्या घरात मरण झाले होते, त्या घरातून आम्हाला अन्न आले होते. घास उतरत नव्हता. पण पुढ्यात आलेले खायचे, ही आज्ञा आहे. आम्ही खाल्ले. तिने रिकामी वाटी उचलली, नर्सबाईंच्या पाठीवरून हात फिरवला आणि आवणीला गेली.

त्यानंतर पाड्यावर आम्हाला ‘परत कधी जाणार’ असे कोणी विचारलेले नाही. फरशीच्या जागी उंच पूल व्हावा म्हणून मास्तर अर्ज करतात. आतापर्यंत नऊ अर्ज झाले, प्रत्येकाची पोच जपून ठेवली आहे. पूल झालेला नाही.

अशा वेळी आमच्या मनात जामखेडच्या आरोळे दांपत्याचा विचार येतो. ती दोघे प्रॉटेस्टंट मंडळीतली, आपल्यातल्या ज्येष्ठांना त्यांची नावे ठाऊक असतील. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९६० साली लग्न झाले तेव्हाच त्यांनी खेड्यातल्या उपेक्षित माणसांसाठी आयुष्य देण्याचे व्रत घेतले होते. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन १९७० साली ती दोघे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आली आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. लोकांना काय हवे ते विचारले, तर डॉक्टर हवा असे कोणी म्हणाले नाही. अन्न आणि पाणी हवे म्हणाले. दुष्काळी मुलूख तो. मग ह्या दोघा उच्चशिक्षित डॉक्टरांनी मुलांच्या जेवणाची आणि कूपनलिकांची कामे आधी हाती घेतली. पुन्हा तोच क्रम, आधी पान, मग औषध. पुढे गावागावातून गावानेच निवडलेल्या बाया, बहुतेक निरक्षर, जामखेडला येऊन आरोग्याचे शिक्षण घेऊ लागल्या. तिथे सगळ्या जातींच्या बाया एका पंगतीत जेवत. त्या काळात हे सोपे नव्हते. ह्या बायांनीच गावांतली बाळंतपणे, पोरांची वजने, कुष्ठरोग, क्षय, सारे सांभाळले. १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत असत. पुढल्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांच्यातली एक आरोग्यसेविका १९८८ साली अमेरिकेतल्या एका परिषदेत बोलली होती. छताच्या मोठ्या झुंबराकडे बोट करून तिने सांगितले की डॉक्टर तसे, देखणे, महागडे आणि उंचावर. आम्ही मातीच्या पणत्या, पण एका पणतीने दुसरी लावता येते. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. एकोणतीस वर्षे त्या दोघांनी मिळून एकाच जागी काढली. घर बदलले नाही.

आपल्या धर्मग्रामात काय आहे? दोन मजली घरे आणि त्यात दोन माणसे. मुले कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात. सकाळची मिस्सा, वाडीतले थोडे काम, दुपारची झोप, संध्याकाळी मालिका, रात्री व्हिडिओ कॉल. गुडघे, साखर, रक्तदाब. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली आजी-आजोबा आणि ज्येष्ठांचा जागतिक दिवस सुरू केला, तो आपणही जुलैमध्ये साजरा करतो: एक गुलाबाचे फूल, दोन गाणी, अल्पोपाहार. चांगलेच आहे. पण ज्येष्ठांना आपण सन्मान देतो, काम देत नाही. कितीतरी निवृत्त शिक्षक, नर्स, बँकेतली माणसे, वायरमन, शिवणकाम येणाऱ्या बाया आपल्या बाकांवर बसलेल्या आहेत. आपला आता काय उपयोग, असे ते आम्हाला विचारतात. हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. रात्री दोनला जाग आल्यावर तो किती मोठा होतो, ते आम्हालाही ठाऊक आहे.

आमच्या स्वतःच्या घरीही हा विषय सुरू आहे. मुलगा म्हणतो, आता पुरे, आमच्याकडे या. त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही, आईबापांची काळजी करणे हेही देवाचेच सांगणे आहे. नर्सबाईंच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया व्हायची आहे. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या फरशीच्या अलीकडे असू की पलीकडे, ते सांगता येत नाही. शेणाने सारवलेली ती खोली रिकामी पडू नये, एवढे मात्र आम्हाला फार वाटते. आजींनी तर सांगूनच टाकले आहे, तुम्ही जाणार असाल तर बदली माणूस देऊन जा.

म्हणून ही विनंती. येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या पहिल्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातून एक गाडी निघेल, रविवारी संध्याकाळी परत येईल. चार-पाच जोडप्यांची सोय होईल. ज्यांचा जोडीदार देवाघरी गेला आहे त्यांनी भाऊ, बहीण, मैत्रीण कोणालाही सोबत घ्यावे, दोघे असले म्हणजे झाले. सोबत अंथरूण-पांघरूण, बॅटरी आणि स्वतःच्या गोळ्या घ्याव्यात. जुने कपडे गोळा करून आणू नयेत, मागच्या वर्षीचे अजून पडून आहेत. जेवणाचा डबाही आणू नये. आजींना संख्या आधी कळवायची आहे, तेव्हा नावे शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्यावीत.